दोन टक्के

खाशुरीच्या डेपोत छत्तीस वर्षं मी
मोटरींच्या पोटात तांब्याची तार भरली.
आर्मेचरच्या खाचांवरून करवतीचं जुनं पातं फिरवायचं;
जिथे वेढा आतून जळला असेल, तिथे ते थरथरतं,
माशी काचेवर आपटावी तसं.
बाकीच्या बायका कानाने ओळखायच्या, मी मनगटाने.
घरी आले तरी बोटांना वॉर्निशचा वास.
ऑनिसे म्हणायचा, नाझिब्रोला, तुझी खाचापुरी
तीन हजार व्होल्टलाही फुटायची नाही.

तो सुरामीच्या घाटात गाडी चालवायचा.
तो चढायला निघे तेव्हा मी कामावरून सुटे,
तो उतरे तेव्हा माझी पाळी लागे.
स्टेशनच्या पुलावर आमची सात मिनिटं,
त्यातली दोन त्याच्या सिगारेटची.
डबा द्यायचा, किल्ली घ्यायची,
पोरीला ताप आहे, सरपण संपलंय,
एवढंच.
एकोणतीस वर्षं.

काळोखाची वर्षंही त्यातच आली.
गावात वीज नाही, पावाला रांग,
शेगडीत रुळांखालचे जुने स्लीपर.
तेव्हाही मँगनीज भरलेली गाडी घाट उतरायची,
आणि उतरताना चाकंच मोटरीला फिरवायची,
ती वरच्या तारेत वीज सोडायची.
पण त्याच तारेखाली कुणीतरी चढत असायला हवं.
नसेल तर तार फुगते, नको म्हणते,
मग ब्रेकचे ठोकळे जाळत खाली यायचं.
पुलावर मी आधी हेच विचारी: कोण होतं चढावर?
"होती एक रिकामी, धापा टाकत," तो म्हणे,
आणि त्या थंडीत
मला उगीचच बरं वाटे.

यंदा नवी मोटर आली.
सोबत तिबिलिसीहून तेक्ले, वय सव्वीस,
बुटांना ग्रीस नाही, काखेत लॅपटॉप.
तिने रोटर दाखवला: पिंजरा, नुसत्या सळया.
ना वेढे, ना ब्रश, ना ठिणगी.
हात कुठे घालावा मला कळेना.
"ह्याला काही शिवतच नाही, मावशी.
भोवती चुंबकाचं क्षेत्र फिरतं, हा त्याच्या मागे धावतो."
गाठतो का?
"छे. दोन टक्के मागेच.
गाठलं की ओढ संपली. शून्य.
उतारावर मात्र त्याच्याही पुढे जातो,
तेव्हा वीज परत देतो."

मी चहा गार होऊ दिला.

ऑनिसे निवृत्त झाला त्या हिवाळ्यात
डेपोलाही टाळं होतं.
आम्ही एकाच वेळी उठू लागलो, एकाच वेळी जेवू लागलो,
लग्नानंतर पहिल्यांदाच.
टेबलावर मीठ, मिठापलीकडे तो.
घरात काही हलेना. धड भांडणही होईना.
मार्चात तो कुठूनतरी चार मधाच्या पेट्या घेऊन आला,
वरच्या रानाच्या कडेला मांडल्या,
अंधारातच बाहेर पडू लागला.
आणि मी मागून, फाटकापर्यंत, डबा घेऊन:
अरे थांब, टोपी राहिली.
तेव्हा कुठे घर फिरायला लागलं.

हे तेक्लेला सांगितलं नाही.
तिच्या लॅपटॉपमध्ये त्याला रकाना नव्हता.

तो पुढे गेला त्याला दोन वर्षं झाली.
पेट्या मी विकल्या नाहीत. दोनदा डंख झाला.

चाचणीच्या दिवशी तेक्लेने मला केबिनमध्ये बसवलं.
बोगदा सुटला, उतार लागला.
पडद्यावरचा आकडा घसरत शून्यावर आला,
क्षणभर तिथेच राहिला,
मग उणे. उणे चारशे. उणे नऊशे.
गाडी जड झाली, जशी त्याच्या हाताखाली व्हायची.
"कोण आहे चढावर?" मी विचारलं.
तेक्लेने मान वळवून पाहिलं,
हा प्रश्न तिला कुणी शिकवला नव्हता.
मग तिने नियंत्रण कक्षाला फोन लावला
आणि पलीकडचा माणूस
कागद चाळू लागला.